इंदूकाकूंचं फाटक

आमच्या सिडनीतल्या गिरावीनमध्ये रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात. गाडी बिघडली असावी, लायसन्स गेलं असावं, नाहीतर घरात भांडण झालं असावं, असे तीनच अंदाज असतात. इंदूकाकू आपटे इथे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात बऱ्याच मराठी मंडळींनी गाडी थांबवून त्यांना विचारलं, "काकू, सोडू का कुठे?" सगळ्यांना त्यांनी एकच उत्तर दिलं, "का रे बाबा, मी काय हरवलेय का?"

गाडी थांबवणाऱ्यांत मीही होतो. खिडकीतून मला दिसली ती एक ठेंगणी, ताठ पाठीची बाई. पांढरे केस कानाखाली कापलेले, अंगात सलवार-कमीज, त्याखाली जाड लोकरीचे मोजे आणि घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट. हातात काठी होती, पण ती टेकायला नव्हती; कुत्री आणि ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं बाजूला सारायला होती, असं पुढे कळलं. "सतीशची आई मी," त्या म्हणाल्या. सतीश म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला, बँकेच्या आयटीमधला. "तू कुठे चालायला जातोस?"

"मी जिमला जातो काकू."

त्यांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं की मी खिडकीची काच वर केली.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यामुळे मला पायांचा उपयोग कळला, असं म्हटलं तर माझी बायको मनीषा म्हणते जरा अतीच होतंय. पण खरं आहे ते.

काकू मूळच्या मिरजेच्या. लग्न झालं आणि मिरजेच्याच डॉक्टर आपट्यांच्या मागोमाग थेट वेल्समध्ये जाऊन पोचल्या. तिथे कोळशाच्या खाणींच्या एका खोऱ्यात कुमहेलिग नावाचं गाव होतं. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं, एक प्रार्थनामंदिर, एक रग्बीचं मैदान आणि चहूबाजूंनी मेंढ्या चरणारे डोंगर. डॉक्टर तिथे खाणकामगारांची फुप्फुसं तपासत राहिले आणि काकू डोंगर चढत राहिल्या. जवळजवळ चाळीस वर्षं. त्यामुळे त्यांचं मराठी लग्नाच्या दिवशी होतं तिथेच थांबलं होतं. त्या ट्रेनला आगगाडी म्हणायच्या, प्रवासाच्या बॅगेला वळकटी म्हणायच्या आणि मधेच आमच्या लेकीला लाडाने 'बाख' म्हणायच्या. हा बाख तिकडचा. आपण 'बाळ' म्हणतो तसा.

डॉक्टर गेल्यावर सतीशने त्यांना सिडनीला आणलं. विमानतळावर इथल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या बॅगेतले बूट काढले, तळव्यांना लागलेला चिखल बघितला आणि आत नेऊन बूट स्वच्छ धुऊन आणून दिले. बाहेरची माती या देशात येऊ देत नाहीत. नियमच आहे तसा आणि चांगला आहे. काकूंना तो मुळीच पटला नाही. "डॉक्टरांबरोबरच्या शेवटच्या फेरीचा चिखल होता तो," त्या सांगायच्या. "मुद्दाम ठेवला होता. धुतला मेल्यांनी!" ऑस्ट्रेलियावरचा हा एक राग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरा राग कुंपणांवर होता. वेल्समध्ये म्हणे पायवाट शेतकऱ्याच्या कुरणातून, गोठ्यासमोरून, प्रसंगी अंगणातूनसुद्धा जाते आणि तिथून चालायचा हक्क कुणाचाही असतो. शेतकरी दारात उभा असला तर नमस्कार करायचा, पुढे जायचं. इथे शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारा. पलीकडे मैलोन्मैल गवत आणि त्यात पाऊल टाकायची सोय नाही. "एवढा मोठा देश," काकू गाडीच्या काचेला नाक लावून म्हणायच्या, "आणि चालायला जागा नाही?"

आम्ही त्यांना नॅशनल पार्कात नेलं. तिथे लाकडी फळ्यांची वाट होती, कठडे होते, कड्यावर उभं राहून फोटो काढायची जागा होती, कोणता पक्षी कधी दिसेल याच्या पाट्या होत्या. काकू सगळं नीट चालल्या. परत येताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"देखणं आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे राहतं कोण?"

तेव्हा मला कळलं की त्यांना जंगल नको होतं, निसर्ग नको होता. त्यांना माणसं राहतात तिथून चालायचं होतं. दोरीवर वाळणारे कपडे, भुंकणारं कुत्रं, कुणाच्या तरी कोबीचा वाफा, धूर निघणारं धुराडं. वाटेत एखाद्या बाईने "कालपेक्षा बरंय आज" असं म्हणावं, आपण "हो ना" म्हणावं. फिरणं म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच होतं, आणि नेमकं तेच इथे मिळेना. सतीशने घरात ट्रेडमिल आणली. काकूंनी तिच्यावर स्वच्छ पंचा अंथरून कुरडया वाळत घातल्या.

मग बेथेल क्रीक हे गाव सापडलं. आम्ही डोंगरापलीकडून परत येत होतो, मागच्या सीटवर काकू होत्या. एका वळणावर त्या ओरडल्या, "थांबव!"

"काकू, हायवे आहे हा."

"मग हळूहळू थांबव."

खाली एक अरुंद खोरं होतं. ओढा, त्यावर लाकडी पूल, अलीकडे दहा-पंधरा घरांचं गाव, पलीकडच्या उतारावर गुरं आणि उताराच्या माथ्यावर एक छोटंसं दगडी प्रार्थनामंदिर. कधीकाळी इथेही कोळसा निघायचा आणि तो काढायला वेल्समधली माणसं आली होती, त्यांनी बांधलेलं. काकू उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पूल डावीकडे पाहिजे. बाकी सगळं तसंच आहे."

कुमहेलिगमध्ये दर रविवारी त्या आणि डॉक्टर अशाच एका उतारावरून जायचे. गावातून पूल, पुलावरून कुरणं, कुरणांवरून माथा, तिथे पायरीवर बसून चहा आणि परत. डॉक्टर गेले, घर विकलं, सामान बांधलं, त्या सगळ्या धावपळीत ती फेरी शेवटची म्हणून करायची राहिली होती. आता त्यांना ही इथली फेरी करायची होती. एकदा नव्हे, दर शनिवारी.

अडचण एकच होती. पूल आणि मंदिर यांच्यामधला सगळा उतार कॉल नावाच्या शेतकऱ्याचा होता. बाहेरून जायचं तर हायवेच्या कडेने जावं लागायचं, आणि तिथून गिट्टीचे ट्रक असे जातात की माणूस नुसत्या वाऱ्याने गवतात पडेल.

मी म्हटलं, "काकू, त्याला ईमेल टाकू या."

"ईमेल?" त्या म्हणाल्या. "माणसाकडे काही मागायचं तर मागच्या दारी जावं. पुढचं दार पोलिसांना आणि पाद्र्याला."

कॉल साठीच्या पुढचा, उन्हाने भाजलेला. तोंडात माशा जाऊ नयेत म्हणून ओठ न उघडता बोलायची इथल्या शेतकऱ्यांची रीत आहे, त्यात तो पारंगत होता. मागच्या दारी उभ्या असलेल्या मोजे-बूट-सलवारवाल्या बाईकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, नाही. साप आहेत, बैल आहे, कुणी पडलं तर विम्याची भानगड आहे. काकू म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. पुढच्या शनिवारी परत गेल्या. परत नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी वाटेचं नावच काढलं नाही. प्यायला पाणी मागितलं, त्याच्या पायरीवर बसल्या आणि पाऊस कसा काय, एवढंच विचारलं.

शेतकऱ्याला पावसाबद्दल विचारलं की काय होतं हे मिरजेच्या माणसाला सांगायला नको. कॉल बोलत सुटला. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे किती पडायचा? काकूंनी सांगितलं की कुमहेलिगमध्ये एकदा धुतलेली चादर वाळायला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी कमी पडली होती. कॉल पहिल्यांदा हसला. "त्यातला थोडा इकडे पाठवा," म्हणाला. उठताना त्याने मानेने उताराकडे खूण केली. "जा मग. ओढ्याच्या बाजूने जा. आणि गेटं जशी असतील तशीच ठेवायची."

"अर्थातच," काकू म्हणाल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षं आम्ही जात होतो. आम्ही म्हणजे मी, मनीषा, कधी सतीश आणि बहुतेक वेळा हर्षद. हर्षद ठाण्याचा, माणूस मोकळा, पण त्याला घरांच्या किमतींशिवाय दुसरा विषय सुचत नाही. काकूंनी त्याच्यासाठी नियम काढला होता: पूल ओलांडल्यापासून माथ्यावरच्या पायरीपर्यंत घरं, व्हिसा आणि शाळांचे रँक बंद. चहा झाला की बोला काय ते. हर्षद पायरीवर टेकला रे टेकला की "ऐका ना, वेंटवर्थव्हिलला परवा एक ऑक्शन झालं" म्हणून सुरू व्हायचा, आणि काकू तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्याच्यासमोर धरायच्या. त्याचं तोंड भरलेलं ठेवायचा तोच एक उपाय होता.

त्या मंदिरात काकू कधी आत गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझा गणपती घरी आहे. मी आत कशाला जाऊ? पण पायरी चांगली आहे."

त्यांचा खरा धर्म फाटकांचा होता. आम्ही गेट म्हणायचो, त्या फाटक. उतारावर एकामागून एक तीन फाटकं लागायची, लोखंडी गजांची, साखळी आणि खटक्याची. फाटकावरून चढून जायचं नाही. जायचीच वेळ आली तर बिजागरीच्या बाजूने चढायचं, खटक्याच्या बाजूने नाही, नाहीतर फाटक लोंबतं. सगळ्यांत मागच्याने लावायचं, आणि साखळीचा खटका वाजेपर्यंत बाकीच्यांनी उभं राहायचं. काकू स्वतः पाठ करून उभ्या राहायच्या. खट्ट असा आवाज आला की मगच त्यांचं पाऊल पुढे पडायचं. हर्षद एकदा म्हणाला, "काकू, तुम्ही चला ना, मी लावतोय." त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्या दिवशी पायरीवर चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कुमहेलिगमध्ये त्यांच्या हातून एक फाटक उघडं राहिलं. शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या, गावाची बस अडकली, बसमधली माणसं उतरून बघायला लागली. डॉक्टर तेव्हा गावात नवे होते. त्यांच्याकडे तपासून घ्यावं की नाही याबद्दल गावाचं अजून ठरत होतं. दवाखाना तसाच टाकून, गळ्यात टाय आणि स्टेथोस्कोप असे डॉक्टर मेंढ्या हाकत होते आणि सगळं गाव ते पाहत होतं.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत," काकू म्हणाल्या. "पण त्यानंतर जन्मभर, पुढे चालत असले तरी फाटकापलीकडे थांबायचे. वळून बघायचे नाहीत हं! मिरजेचा माणूस, बायकोकडे वळून बघेल? नुसते उभे राहायचे. मी खटका लावला, तो वाजला, की निघायचे."

हर्षदने हातातली पुरी डब्यात परत ठेवली.

"आपण बाहेरून आलेली माणसं," काकू कप झटकत म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी उघडं टाकलेलं फाटक लोक विसरतात. आपलं नाही विसरत."

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही. जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, खोऱ्याचा रंग पोळीच्या करपलेल्या बाजूसारखा झाला होता. ओढा म्हणजे डबक्यांची रांग उरली होती. सतीश म्हणाला, आई, या उन्हात नको. काकू म्हणाल्या, लवकर निघू. आम्ही सकाळीच पोचलो. पहिलं फाटक नेहमीसारखं बंद होतं. दुसऱ्यापाशी हर्षद पुढे होता. तो थांबून म्हणाला, "काकू, हे उघडंच आहे. सताड."

काकूंनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "शनिवार-रविवारचे शहरी पाहुणे, दुसरं कोण," असं म्हणत त्यांनी स्वतः ते फाटक ओढलं, साखळी फिरवली, खटका दाबला. खट्ट झालं. आम्ही पुढे गेलो. परतताना त्याच फाटकातून आलो, परत लावलं. चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं सगळ्यांना.

बुधवारी कॉलचा मला फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने सपाट आवाजात सांगितलं की वरच्या कुरणातलं पाणी आटलं होतं, म्हणून त्याने मधलं फाटक मुद्दाम उघडं ठेवलं होतं. गुरं आपली आपण खाली हौदावर येत-जात होती. त्या भरवशावर तो गुरांच्या बाजाराला गेला. सोमवारी परत येऊन बघतो तर सगळी गुरं बंद फाटकाला चिकटून उभी. बाकीची वाचली. एक गाभण कालवड गेली.

"तुमच्यातल्या पोरांनी केलं असेल," तो म्हणाला. "मला नाव नकोय. फक्त परत येऊ नका."

संध्याकाळी सगळे आमच्या घरी जमले. हर्षदचं म्हणणं होतं की थोडं थांबू या. "बघ ना मित्रा, त्याला कुठे माहितीये आपणच होतो? तिथे बाकीचं पब्लिक पण येत असेल." सतीश म्हणाला, एक चांगलंसं सॉरी कार्ड पाठवू, सगळ्यांच्या सह्या करून, आणि तो विषय संपवू, तसंही आईचे गुडघे आता राहिले नाहीत. मनीषाने विचारलं, कार्डात लिहायचं काय? त्यावर चर्चा सुरू झाली. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी लावलं ते," त्या म्हणाल्या.

"अगं आई, सगळेच होते ना तिथे."

"हात माझा होता." त्या उठल्या. "मंदार, शनिवारी गाडी काढ. दुसऱ्या कुणी यायचं नाही."

शनिवारी दोन तास गाडी चालवून आम्ही पोचलो. मागच्या दारी गेल्यावर कॉल बाहेर आला. काकू पायरीवर बसल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "फाटक मी लावलं. पोरांनी नाही."

कॉलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तुम्हाला माहीत नसेल," तो म्हणाला. मला वाटतं त्याला त्यांची सुटका करायची होती.

"माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं, जसं असेल तसं ठेवा म्हणून. मी हो म्हटलं आणि माझ्या तिकडचंच ऐकत राहिले. तिकडे फाटक लावायचं असतं. इतकी वर्षं लावतेय मी. उघडं फाटक बघून मी गुरांकडे बघितलंच नाही."

कॉल टोपीची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, तुम्ही आलात ते बरं केलंत. पण सध्या नको. कोरडं आहे तोवर माझ्याच्याने कुणावर विसंबणं होणार नाही.

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या. पहिल्यांदा नाही म्हणाला होता तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

मला वाटलं, संपलं. सतीशलाही वाटलं, आणि त्याला मनातून बरंच वाटलं असावं. पण दोन आठवड्यांनी काकूंचा फोन. "गाडी काढतोस?"

"काकू, त्याने नाही म्हटलंय."

"त्याच्या जमिनीतून नाही म्हटलंय. हायवे कुणाच्या बापाचा नाही."

त्या खरंच हायवेच्या कडेने चालायला लागल्या. एका बाजूला कॉलच्या तारा, दुसऱ्या बाजूला ट्रक. ट्रक आला की त्या काठी रोवून, डोळे मिटून उभ्या राहायच्या, गेला की पुढे. मी गाडी मागे हॅझर्डचे दिवे लावून हळूहळू आणायचो, म्हणजे त्या मरणार असतील तर निदान आधी माझी गाडी मरेल. तारेपलीकडे गुरं दिसायची. काकू चालता चालता त्यांच्याकडे बघायच्या, पाणी कुठे आहे ते बघायच्या. "तिसऱ्या कुरणातलं आटत आलं बघ," असं मला गाडीत बसल्यावर सांगायच्या. कॉलच्या गुरांचा हिशेब काकूंना तोंडपाठ झाला होता, आत पाऊल न टाकता.

एकदा कॉल त्याच्या मागचा भाग उघडा असलेल्या गाडीतून समोरून आला. थांबला, काच खाली केली आणि म्हणाला, "बसा आत. सोडतो वर."

"चालायला आलेय," काकू म्हणाल्या.

तो थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बसला, मग गेला. सतीश त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलत नव्हता. "तू नेतोस म्हणून ती जाते," तो म्हणायचा, आणि त्याचं खरं होतं. "तिला काही झालं तर, मंदार?" मी नुसती मान हलवायचो. पण फोन आला की गाडी काढायचो. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

मार्च संपता संपता पाऊस आला आणि चांगला आला. आठवडाभराने माझा फोन वाजला. कॉल होता.

"ती म्हातारी एक दिवस ट्रकखाली जाणार," तो म्हणाला, "आणि ते बघायला मलाच खाली उतरावं लागणार. तिला म्हणावं आतून जा."

"थँक्स कॉल. गेटचं मी तिला..."

"तू तिला काही सांगू नकोस मित्रा," तो म्हणाला. "तिला माहितीये."

मी काकूंना फोन केला. कॉलचा निरोप दिला. मग त्या म्हणाल्या, "पुऱ्या करते." आणि फोन ठेवला.

आम्ही मे महिन्यात गेलो, दोघंच. हवा थंड होती. उतार इतका हिरवा होता की काकू पुलावर उभ्या राहून म्हणाल्या, आता पूलसुद्धा आहे तिथे चालेल. गुडघे खरंच राहिले नव्हते. पूर्वी काठी झुडपांसाठी होती, आता त्यांच्या स्वतःसाठी. ती त्यांची शेवटची फेरी ठरेल, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पावसाळी थंडी सुरू झाली, न्यूमोनिया झाला आणि सगळं फार लवकर झालं. पण त्या दिवशी त्या मजेत होत्या, मला डॉक्टरांच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी सांगत होत्या.

पहिलं फाटक बंद होतं. आम्ही उघडून आत गेलो, मी लावलं. काकू पाठ करून उभ्या होत्या. खट्ट झालं, निघाल्या.

दुसरं फाटक उघडं होतं. तारेला टेकवून ठेवलेलं, खालच्या गजांमधून गवत वर आलेलं. बऱ्याच दिवसांत कुणी हलवलं नव्हतं. वर गुरं होती, खाली हौद होता, आणि मधून त्यांच्या खुरांची ओली वाट पडली होती.

काकू थांबल्या. त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि लोंबणाऱ्या साखळीवर जाऊन पडला. त्या साखळीकडे बघत होत्या. मग त्यांनी वर गुरांकडे पाहिलं, खाली हौदाकडे पाहिलं आणि एकेक बोट उचलावं तशी साखळी हळू सोडली, आवाज न होता.

त्या फाटकातून पलीकडे गेल्या. चार-सहा पावलं चालल्या आणि सवयीने थांबल्या. पाठ माझ्याकडे, मान जराशी वाकडी, आवाज ऐकायला करायच्या तशी. खटका वाजणार नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं दम लागला असेल, म्हणून मी जवळ गेलो, तेव्हा मला ऐकू आलं.

"चला डॉक्टर," त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या. "इथलं उघडंच ठेवायचंय."

आणि वळून न बघता त्या उतार चढायला लागल्या. मी फाटकाला हात न लावता त्यांच्या मागे निघालो.